ऑक्सिजन प्लाझ्मा कर्तन : इलेक्ट्रोड केव्हा व कसा बदलावा?

मृदू पोलादाची प्लेट कापावयाची म्हणजे गॅस कटिंग, हे समीकरण आपल्याकडील कार्यशाळांत दीर्घकाळ रूढ होते आणि जाड प्लेटच्या बाबतीत ते आजही खोटे ठरलेले नाही. तथापि सहा ते पंचवीस मिलिमीटर जाडीचे काम जेथे सातत्याने चालते, तेथे प्लाझ्मा कर्तनाची यंत्रे आता मोठ्या प्रमाणावर आलेली आहेत. नदीतील बार्जची बांधणी, उसाच्या ट्रॉल्या, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, पाण्याच्या टाक्या, यंत्रांचे सांगाडे अशा नाना प्रकारच्या कामांसाठी ती वापरली जातात. काम जलद होते, कड स्वच्छ निघते व प्लेट फारशी वाकत नाही, हे लाभ कोणीही नाकारीत नाही. तक्रार असते ती एकाच गोष्टीची. टॉर्चमधील इलेक्ट्रोड फार लवकर ‘जातात’ आणि ते वारंवार विकत घ्यावे लागतात. ही तक्रार कितपत रास्त आहे आणि तिच्यावर उपाय काय, हे समजण्यासाठी त्या लहानशा ताम्रखंडात नेमके काय घडते, ते प्रथम पाहिले पाहिजे.

प्लाझ्मा (आयनद्रायू) म्हणजे इतका तापलेला वायू की, त्याचे अणू फुटून इलेक्ट्रॉन मोकळे होतात व वायू विजेचा वाहक बनतो. टॉर्चमधील इलेक्ट्रोड हे ऋणाग्र आणि कापावयाची प्लेट हे धनाग्र. या दोहोंमध्ये पेटलेली विद्युत् प्रज्योत तांब्याच्या नोझलच्या बारीक छिद्रातून दाबून बाहेर काढली म्हणजे तिचे तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते. तिच्या मार्गातील पोलाद वितळते आणि वेगवान वायू ते खाली उडवून देतो. या प्रकारच्या टॉर्चचे पेटंट अमेरिकेत रॉबर्ट गेज यांना १९५७ साली मिळाले. आरंभीच्या काळात आर्गॉन, हायड्रोजन व नायट्रोजन हे वायू वापरीत आणि इलेक्ट्रोड टंगस्टनचा असे. ॲल्युमिनियम व गंजरोधक पोलाद यांच्यासाठी ही व्यवस्था उत्तम होती. कारण हे धातू गॅसने नीट कापताच येत नाहीत. परंतु कारखान्यातील बहुतेक काम मृदू पोलादाचे असते. त्यासाठी ऑक्सिजनच अधिक सोयीचा. तापलेले लोखंड ऑक्सिजनमध्ये स्वतः जळते आणि त्या ज्वलनाची उष्णता कापण्याच्या कामी येते. वितळलेला रस पातळ होऊन सहज वाहून जातो व खालच्या कडेला चिकटणारी मळी, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील स्लॅग, फार कमी राहते. शिवाय हवेने कापलेल्या कडेत नायट्रोजन शिरतो आणि पुढे त्या कडेवर वेल्डिंग केल्यास जोडात सूक्ष्म पोकळ्या पडतात. शुद्ध ऑक्सिजनने कापलेल्या कडेत हा दोष येत नाही. ज्या जोडावर पाण्याचा किंवा भाराचा दाब येणार आहे, तेथे या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

अडचण उद्भवली ती इलेक्ट्रोडची. टंगस्टन ३,४२२ अंशांवर वितळते. धातूंमध्ये हा उच्चांक होय. पण ऑक्सिजनच्या सान्निध्यात टंगस्टनचे ऑक्साइड बनते आणि ते अवघ्या १,४७३ अंशांवर वितळून वाफेच्या रूपाने उडून जाते. अशा वातावरणात टंगस्टनचा इलेक्ट्रोड काही क्षणांत नाहीसा होतो. म्हणून ज्याचे ऑक्साइड धातूपेक्षाही चिवट आहे, अशा पदार्थाचा शोध घ्यावा लागला. तो प्रथम झिर्कोनियम व नंतर हाफ्नियम या धातूंच्या रूपाने लाभला. हाफ्नियम २,२३३ अंशांवर वितळते, म्हणजे टंगस्टनच्या कितीतरी आधी. परंतु त्याचे ऑक्साइड वितळण्यास सुमारे २,७५० अंश तापमान लागते. प्रज्योत पेटताच हाफ्नियमचा पृष्ठभाग वितळतो आणि त्यावर ऑक्साइडाची साय धरते. ही साय खालच्या धातूचे रक्षण करते आणि तापलेल्या अवस्थेत विपुल इलेक्ट्रॉनही सोडते. येथे इलेक्ट्रोड वितळत असतानाच काम करतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील बऱ्याच गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

हाफ्नियमचा इतिहासही रोचक आहे. डर्क कोस्टर आणि जॉर्ज हेवेशी यांनी १९२३ साली कोपनहेगन येथे हे मूलद्रव्य शोधून काढले आणि त्या नगराच्या लॅटिन नावावरून त्याचे नामकरण झाले. त्याची स्वतंत्र अशी मोठी खाण जगात नाही. झिर्कॉन या खनिजात झिर्कोनियमच्या सोबतीने ते शेकडा दोनच्या आसपास सापडते. केरळ, तमिळनाडू व ओडिशा यांच्या किनाऱ्यावरील वाळूत झिर्कॉन आहे. अणुभट्टीतील इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात आणि हाफ्नियम तर न्यूट्रॉन शोषून घेण्यात झिर्कोनियमच्या पाचशेहून अधिक पटींनी प्रबळ. त्यामुळे अणुभट्टीसाठी झिर्कोनियम तयार करताना त्यातील हाफ्नियम काढून टाकावेच लागते. १९७१ साली हैदराबाद येथे स्थापन झालेल्या अणुइंधन संकुलात झिर्कोनियमच्या शुद्धीकरणाचे हे काम चालत आलेले आहे. जगातील बहुतेक हाफ्नियम अशा रीतीने दुसऱ्या धातूच्या शुद्धीकरणातून बाहेर पडते. साहजिकच मागणी वाढली तरी पुरवठा त्या प्रमाणात वाढविता येत नाही. विमानांच्या एंजिनांतील मिश्रधातू व इलेक्ट्रॉनीय उद्योग यांचीही त्याला मागणी आहे. २०२२ व २०२३ या वर्षांत त्याचे भाव कित्येक पटींनी चढले, त्याचे कारण हेच. इलेक्ट्रोड महाग का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळते.

उरलेले उत्तर त्याच्या रचनेत आहे. इलेक्ट्रोडचे शरीर तांब्याचे असून त्याच्या टोकाशी मध्यभागी हाफ्नियमची बारीक कांडी घट्ट बसविलेली असते. तिचा व्यास साधारणतः एक ते दोन मिलिमीटर, म्हणजे आगपेटीतील काडीहून फारसा जाड नव्हे. हाफ्नियममधून उष्णता फार सावकाश वाहते. तांबे तिच्या सुमारे सतरापट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून कांडी बारीक ठेवावयाची, तिला चहूबाजूंनी तांब्याने वेढावयाचे आणि तांब्याच्या पोकळीत मागील बाजूने शीतक द्रव खेळवावयाचा, अशी ही योजना आहे. कांडी आणि तांबे यांच्यामध्ये केसाएवढी जरी फट राहिली, तरी उष्णतेचा मार्ग तुटतो आणि कांडी अकाली झिजते. काही इलेक्ट्रोडांच्या टोकाशी तांब्याऐवजी चांदी वापरलेली असते. चांदी तांब्याहूनही चांगली उष्णतावाहक असल्याने असे इलेक्ट्रोड अधिक टिकतात. त्यांची किंमत अर्थातच जास्त असते. मोठ्या अँपियरवर दिवसभर चालणाऱ्या यंत्राला ती परवडते. आठवड्यातून दोन दिवस चालणाऱ्या यंत्राला परवडेलच असे नाही.

झीज कोणत्या वेळी होते, हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असून त्याविषयी गैरसमजही सर्वांत अधिक आढळतो. प्रज्योत स्थिर जळत असताना हाफ्नियम झिजते, पण मंद गतीने. मोठी हानी होते ती प्रज्योत पेटविताना आणि विझविताना. पेटताना थंड कांडीला एकाएकी प्रचंड उष्णतेचा आघात सोसावा लागतो. विझताना वितळलेल्या हाफ्नियमचा थेंब अजून गोठलेला नसतो. त्या क्षणी वायू जोराने वाहत असेल, तर तो थेंब फुंकला जातो. नोझलच्या आतील बाजूस जे रुपेरी शिंतोडे दिसतात, ते याच थेंबाचे होत. चांगल्या यंत्रांत यासाठी दोन सोयी केलेल्या असतात. आरंभ शुद्ध ऑक्सिजनऐवजी हवेत किंवा नायट्रोजनमध्ये केला जातो आणि प्रज्योत पेटल्यावर ऑक्सिजन सोडला जातो. शेवटी विद्युत् प्रवाह व वायूचा दाब एकदम न तोडता ठरलेल्या क्रमाने उतरविले जातात, म्हणजे थेंब जागच्या जागी गोठतो. मात्र कापता कापता टॉर्च प्लेटच्या कडेबाहेर गेली, तर प्रज्योत ताणली जाऊन तुटते. मग उतरणीचा हा क्रम पाळला जाण्यास अवसरच राहत नाही. अशी एक तूट अनेक नियमित थांब्यांइतके हाफ्नियम घेऊन जाते. म्हणून कापाचा शेवट प्लेटवरच होईल, अशी आखणी संगणकीय आराखड्यात करावी. पुष्कळ कार्यशाळांत याकडे कोणाचेच लक्ष नसते आणि दोष मात्र इलेक्ट्रोडच्या माथी मारला जातो.

याचा हिशेबावर होणारा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कार्यशाळेत बार्जच्या लांब पट्ट्या कापल्या जातात. दिवसात साठ वेळा प्रज्योत पेटते व दर वेळी दोन मिनिटे जळते. दुसऱ्या कार्यशाळेत लहान कड्या व पाने कापली जातात. तेथे ती तीनशेसाठ वेळा पेटते आणि दर वेळी वीस सेकंद जळते. दोन्हीकडे एकूण जळण एकशेवीस मिनिटांचेच. पण दुसऱ्या ठिकाणी आरंभ व शेवट सहापट झाले. तेथील इलेक्ट्रोड पहिल्या ठिकाणापेक्षा पुष्कळ आधी संपणार, हे उघड आहे. त्यात कारागिराचा निष्काळजीपणा नाही की मालाची फसवणूक नाही. इलेक्ट्रोड ‘किती तास चालला’ एवढीच नोंद मागणाऱ्या तपासनिसांनी ‘किती वेळा पेटला’ हाही स्तंभ आपल्या नोंदवहीत घालून घ्यावा.

इलेक्ट्रोड बदलण्याची वेळ झाली हे ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे खळगा मोजणे. नव्या इलेक्ट्रोडचे टोक जवळजवळ सपाट असते. वापराने हाफ्नियमच्या जागी वाटीसारखा खळगा पडतो. हवा किंवा ऑक्सिजन यांवर चालणाऱ्या साध्या ताम्र इलेक्ट्रोडसाठी हा खळगा साधारणतः एक मिलिमीटर खोल झाला की इलेक्ट्रोड बदलावा, असा सर्वमान्य संकेत आहे. चांदीच्या टोकाच्या इलेक्ट्रोडची मर्यादा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती पाहावी. खोली मोजण्यासाठी बारीक सुई बसविलेला डायल गेज पुरेसा होतो. इलेक्ट्रोडच्या सपाट कडेवर गेजचा काटा शून्यावर आणावा, मग सुई खळग्याच्या तळाशी टेकवावी आणि फरक वाचावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील फिटर वर्गाच्या विद्यार्थ्याला हे मोजमाप पाच मिनिटांत शिकविता येते. टाकून दिलेले वीस-पंचवीस इलेक्ट्रोड गोळा करून त्यांचे खळगे मोजावयास लावले, तर तो एक उत्तम प्रात्यक्षिक पाठ होईल. अशा ढिगाऱ्यात दोन्ही टोके हमखास सापडतात. काही इलेक्ट्रोड अर्ध्या आयुष्यातच फेकलेले असतात आणि काही तांबे जळेपर्यंत ओढलेले.

हा दुसरा प्रकार धोक्याचा आहे. खळगा फार खोल गेला म्हणजे प्रज्योत हाफ्नियम सोडून भोवतालच्या तांब्याला पकडते. तांबे १,०८५ अंशांवर वितळते; त्यापुढे क्षणाचाही विलंब लागत नाही. ज्वाळेत हिरवट झाक दिसते, आवाज बदलतो आणि इलेक्ट्रोडचे टोक फुटून नोझल बुजते. कधी कधी टॉर्चचे डोकेच निकामी होते. एका इलेक्ट्रोडमधून आणखी वीस काप काढण्याच्या लोभाने टॉर्च गमावणे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. हिरवी झाक दिसताच यंत्र थांबवावे, हे खरे. पण ती दिसेपर्यंत वाट पाहणे हीच मुळात चूक होय. शिवाय टोक फुटण्याच्या पुष्कळ आधीपासून काप बिघडू लागलेला असतो. कड तिरकी निघते, खाली स्लॅग धरतो आणि ग्राइंडरचे काम वाढते. बंधाऱ्याच्या बरग्याची कड सरळ नसेल, तर दोन बरग्यांमधील सांधा बसत नाही आणि अडविलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत झिरपून जाते. इलेक्ट्रोडवर वाचविलेले पैसे गावाला असे पाण्याच्या रूपाने मोजावे लागतात.

जुन्या इलेक्ट्रोडचे टोक नीट पाहिल्यास यंत्राच्या प्रकृतीचीही परीक्षा होते. खळगा मधोमध व गोल असेल, तर झीज स्वाभाविक समजावी. तो एका बाजूला सरकलेला असेल, तर वायूला भोवऱ्यासारखी गती देणाऱ्या कडीची, म्हणजे स्वर्ल रिंगची, छिद्रे बुजली किंवा ती तडकली, असा संशय घ्यावा; कारण याच भोवऱ्यामुळे प्रज्योत हाफ्नियमच्या मध्यावर टिकून राहते. तांबे निळसर किंवा काळपट पडले असेल, तर शीतक द्रवाचा प्रवाह अपुरा आहे किंवा वायूत ओल अथवा तेल आहे. शीतकाच्या टाकीत विहिरीचे वा कूपनलिकेचे जड पाणी ओतण्याची सवय काही ठिकाणी आहे. त्यातील क्षार इलेक्ट्रोडच्या पोकळीत थर धरतात आणि उष्णतेची वाट अडवितात. शिवाय असे पाणी वीजवाहकही असते. निर्मात्याने सांगितलेला शीतकच वापरावा.

कोकण व गोवा यांच्या पावसाळी हवेत ओलीचा प्रश्न विशेष बिकट होतो. लहान कार्यशाळांतील चाळीस-साठ अँपियरची यंत्रे ऑक्सिजनवर नव्हे, तर कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतात. परंतु त्यांच्याही इलेक्ट्रोडमध्ये हाफ्नियमच असते आणि वरील सर्व विवेचन त्यांनाही लागू पडते. कॉम्प्रेसरच्या टाकीतील पाणी दररोज सोडावे. प्रज्योत न पेटविता नुसती हवा सोडून टॉर्चसमोर स्वच्छ आरसा किंवा पांढरे कापड धरावे. त्यावर दव किंवा तेलाचा डाग आल्यास गाळणी बदलल्याशिवाय काम सुरू करू नये.

बदलण्याची कृती साधी असली, तरी एका गोष्टीची सवलत घेता कामा नये. प्लाझ्मा यंत्राचे निर्भार व्होल्टेज दोनशे ते चारशे व्होल्टपर्यंत असते. नेहमीच्या वेल्डिंग संचाच्या ते कित्येक पट आहे. म्हणून मुख्य पुरवठा बंद केल्यावरच टॉर्चला हात लावावा. नुसते बटण सोडणे पुरेसे नाही. टॉर्च निवू द्यावी, मग टोपण, नोझल व स्वर्ल रिंग क्रमाने काढावी. जुना इलेक्ट्रोड त्याच्यासाठी दिलेल्या पान्यानेच सोडवावा. पकडीने ओढू नये. रबरी कड्यांना निर्मात्याने दिलेल्या वंगणाचा अगदी पुसट हात द्यावा. साधे ग्रीस किंवा तेल कधीही लावू नये, कारण शुद्ध ऑक्सिजनच्या संपर्कात ते पेट घेते. नवा इलेक्ट्रोड बेताने आवळावा. जास्त जोर केल्यास आटे जातात, कमी केल्यास शीतक गळतो. सामान्यतः इलेक्ट्रोडबरोबर नोझलही बदलणे हिताचे असते. जुन्या नोझलचे छिद्र लंबगोल झालेले असेल किंवा त्याच्या कडेला खाच पडली असेल, तर नवा इलेक्ट्रोड त्यात चांगले काम देऊच शकत नाही.

खरेदीच्या बाबतीत शासकीय व सहकारी संस्थांची अडचण सर्वश्रुत आहे. निविदेत दर नगावर मागितला जातो आणि सर्वांत कमी दराचा माल घ्यावा लागतो. मूळ निर्मात्याखेरीज इतरांनी बनविलेले इलेक्ट्रोड सरसकट वाईट असतात, असे मुळीच नाही. त्यांपैकी काही चांगले टिकतात. परंतु कांडीचा व्यास कमी ठेवणे, हाफ्नियमच्या जागी झिर्कोनियम घालणे, कांडी सैल बसविणे, हे प्रकार बाहेरून डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतो तो फक्त दर. यावर व्यवहार्य उपाय असा की, निविदेपूर्वी प्रत्येक नमुन्याचे पाच-दहा इलेक्ट्रोड एकाच यंत्रावर, त्याच अँपियरवर आणि एकाच प्रकारच्या कामावर चालवून पाहावेत. एक मिलिमीटर खळगा पडेपर्यंत किती आरंभ व किती मीटर काप मिळाला, हे लिहून ठेवावे. दर नगाला न लावता दर मीटर कापाला लावला, तर स्वस्त व महाग यांचा क्रम कित्येकदा उलटा होतो.

वापरून झालेले इलेक्ट्रोड भंगारात तांब्याच्या भावाने जातात. चांदीच्या टोकाचे इलेक्ट्रोड मात्र वेगळ्या डब्यात ठेवून त्यांची विक्री स्वतंत्रपणे नोंदवावी. ते तांब्यात मिसळले, तर चांदीचे मोल भंगारवाल्याच्या पदरात पडते. झिजलेले टोक ग्राइंडरवर घासून ‘नवे’ करण्याचा प्रयत्न कोणी करू नये. त्याने कांडी आणखी आखूड होते आणि हाफ्नियमची बारीक पूड ठिणगीने पेटू शकते.